ऊद

सरजाबाईनं भुजंगच्या पायाशी नारळ ठेवला आणि तापानं फणफणलेला नातू त्याच्या पुढ्यात निजवला.

भुजंग सोळा वर्षांचा. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी धरून बसला होता. ओठ हलत होते.

"मॅट्रिकच्या आधीच देव झाला गं तुझा लेक," दारातली कुसुमबाई म्हणाली. "आमचा टोणगा बसलाय अजून पाढे घोकत."

भुजंगची आई, रुख्मिणी, हसली नाही. तिनं धुपाटण्यात आणखी एक चिमूट ऊद टाकला.

महिन्याखाली तिनं ह्या खोलीत पहिल्यांदा ऊद जाळला, तो लेकाच्या अंगाचा वास दडवायला. धूर गल्लीत गेला. पोराचं एकट्यानंच बोलणं लोकांच्या कानावर होतंच. गल्लीनं ठरवून टाकलं, ह्याच्या अंगात यायलंय. मंगळवारी कुणीतरी पाया पडलं, तेव्हा रुख्मिणी 'न्हाई' म्हणाली नाही. देव म्हणलं की मान खाली घालावी लागत नव्हती.

"सांग देवा," सरजाबाईनं हात जोडले. "तीन दिस झाले, ताप उतरंना. दवाखान्यात नेऊ, का तुझ्या अंगाऱ्यावर ठिवू?"

भुजंगनं भिंतीला कान लावला. "ते म्हणायलेत..." त्याचा आवाज चिरकला. "ते मला मारणार हायेत, माय."

"बोलायलाय गं, बोलायलाय!" बाया पुढं सरकल्या.

भुजंग आईकडंच बघत होता. "माय, ह्यांला सांग ना. मी देव न्हाई. मला लय भ्या वाटायलंय."

"देव असाच पारखून बघतो," कुसुमबाई हळूच म्हणाली.

सरजाबाईनं धुपाटण्यातली राख चिमटीत घेतली. नातवाच्या जिभेवर ठेवणार, तोच रुख्मिणीनं तिचं मनगट धरलं.

कुणी काही म्हणायच्या आत तिनं तांब्या उचलून धुपाटण्यात ओतला. चर्र झालं. मग लेकाच्या वाकळेखाली हात घालून तिनं चिलीम काढली, तिला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यासकट, आणि नारळाशेजारी ठेवली.

ऊद विझला तसा गांज्याचा वास वर आला. बायांना तो वास नवा नव्हता. मठाच्या पारावरनं रोजच यायचा.

सरजाबाईनं नातू छातीशी उचलून घेतला. "म्हंजी एवढे दिस आमाला चिलमीच्या पाया पडायला लावलंस?"

"हां," रुख्मिणी म्हणाली. नजर जमिनीवर. "परभणीची यष्टी अजून जायची हाय, मावशी. लेकराला दवाखान्यात ने. मी बी माझं घेऊन येते."

सरजाबाई उंबऱ्याकडं गेली. तिथं थांबली. मागं न बघता म्हणाली, "मग चल की. उगं बसून कामून राह्यलीस?"

रुख्मिणीनं भुजंगला हाताला धरून उठवलं. डॉक्टरला दाखवायला म्हणून तिनं चिलीम आणि ते ओलं फडकं पदरात घेतलं आणि गाठ मारली.

दारातल्या बायांचे पदर नाकाला होते.