मावशीची पहिली फेरी

इंजिनीअरने सीट सोडली आणि मावशी पडली.

सोडायची नव्हती. मागून कोणीतरी धरलंय या भरवशावरच मावशी पेडल मारत होती. पण पार्किंगच्या दुसऱ्या टोकाकडून मोठ्या मॅडमची हाक आली, "अगं, जरा इकडे ये, माझी चेन निघाली," आणि इंजिनीअरचा हात आपसूक सुटला.

मोठ्या मॅडम तिच्या ऑफिसातल्या वरिष्ठ. तिची बढती त्यांच्याच हातात होती. पोहण्याच्या तलावामागच्या या रिकाम्या पार्किंगमध्ये इंजिनीअर दर रविवारी हौसेने बायकांना सायकल शिकवायची. तिथे एक दिवस मॅडमच शिकायला येऊन उभ्या राहतील, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. ग्रुप चालवायच्या कॅप्टन. त्या बस कंडक्टरच्या नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोहोचायचा. शिकायला सगळ्या तऱ्हेच्या बायका होत्या. दातांची डॉक्टर होती. दुसऱ्या देशातून आलेली, मोडकंतोडकं बोलणारी शिंपीण होती. आणि इमारतींचे जिने पुसणारी मावशी.

मावशी आडवी झाली होती, सायकल अंगावर. डॉक्टर आणि शिंपीण धावल्या. इंजिनीअरने एक पाऊल मावशीकडे टाकलं. मग ती मॅडमच्या दिशेने वळली आणि वळता वळता म्हणाली, "मावशी, ब्रेक दाबायचा ना. किती वेळा सांगितलंय."

चेन बसवताना तिचे हात काळे झाले. मान वर करायची हिंमत होईना.

"सीट सोडलीच कशी तिने?" मागून कॅप्टनचा आवाज आला.

"त्यांची काही चूक नाही हो," मावशी म्हणत होती. "माझंच लक्ष उडालं. इंजिनीअर बाईंनी धरलंच होतं मला."

ते ऐकून इंजिनीअरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काळ्या हातांनीच तिने कपाळ पुसलं. मोठ्या मॅडम हसून म्हणाल्या, "तोंड बघ जरा आरशात." ती पण हसली. नंतर घरी जाईपर्यंत त्या हसण्याचीही तिला लाज वाटत राहिली.

पुढच्या रविवारी मावशी आली ती लंगडतच. डॉक्टरने तिला कट्ट्यावर बसवलं आणि गुडघा बघितला. पांढरीशुभ्र पट्टी, कुठे सैल नाही की आवळलेली नाही.

"झकास बांधलीय. कोणी बांधली?"

"शेजारणीने."

"घरी कोणी नाही?"

"मुलगी आहे. शिकलेली आहे, मोठ्या ऑफिसात असते." मावशीने पदर सारखा केला. "बाहेरगावी."

"येते का भेटायला?"

"कामं असतात हो तिला."

"कामं सगळ्यांनाच असतात," हेल्मेटचा पट्टा आवळत मोठ्या मॅडम म्हणाल्या. "या वयात आई जिने पुसते, आणि लेकीला फुरसत नाही. माझ्या हाताखाली अशी कोणी असती ना, तर तोंडावर सांगितलं असतं."

"तिचा काय दोष? मलाच हातपाय हलवल्याशिवाय करमत नाही," मावशी म्हणाली आणि पट्टीवरचा नसलेला दोरा ओढू लागली.

इंजिनीअर खाली बसून चाकात हवा भरत होती. चाक दगडासारखं झालं तरी ती पंप मारतच राहिली.

मावशीची पाळी आली. इंजिनीअरने सीट थोडी खाली घेतली. हळूच म्हणाली, "गुडघा असा असताना यायलाच कशाला हवं होतं?"

"सायकल आली तर पहाटेच्या बससाठी ताटकळायला नको. एक इमारत फार लांब पडते."

"त्या दिवशी मी..."

"राहू द्या." शिंपीण जवळच उभी होती. मावशीने तिच्या हातात आपली पिशवी दिली आणि हँडल धरलं. "समोर बघायचं ना? चाकाकडे नाही. चला, धरा."

इंजिनीअर वाकून, धापा टाकत मागे पळत राहिली. मॅडमनी मध्ये दोनदा हाक मारली. तिने सीट सोडली नाही. शेवटी मावशीच म्हणाली, "सोडा आता."

मावशी निघाली. डगमगली, सावरली, खांबाला वळसा घालून पूर्ण एक फेरी मारून आली आणि थांबता येईना म्हणून पुढच्या फेरीला लागली. कॅप्टनने शिट्टी फुंकली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आज सगळ्यांसमोर बोलायचं, इंजिनीअरने ठरवलं. काय व्हायचं ते होऊ दे. ती दोन पावलं पुढे झाली.

"आता माझी पाळी," मोठ्या मॅडम सायकलवर चढत म्हणाल्या. "धर बघू. आणि मला नको हं पाडूस."

इंजिनीअर मागे फिरली. तिने दोन्ही हातांनी सीट धरली.

तिकडे शिंपिणीने पिशवीतून मावशीचा फोन काढला. "मावशी, मुलीला सांगायचं. आई सायकल चालवते."

"नको गं," मावशी सायकलवरूनच म्हणाली. "ती कामात असेल."

"रविवारी कसलं आलंय काम?" मोठ्या मॅडम म्हणाल्या. "लावा हो तुम्ही. मीच बोलते तिच्याशी."

मावशीने फोनसाठी हात पुढे केला. सायकल डळमळली. तिने परत हँडल धरलं आणि ती पुढे निघून गेली.

फोनमध्ये मोजकीच नावं होती. सगळ्यात वर होतं 'बाळ'. शिंपिणीने ते दाबलं आणि बायका ऐकायला गप्प झाल्या.

मोठ्या मॅडमची सीट दोन्ही हातांनी धरून उभ्या असलेल्या इंजिनीअरच्या खिशात फोन वाजू लागला.