पहिलं नको

दुपारपर्यंत सगळ्या ड्रमकील गावाने 'नको' म्हटलं होतं, आणि येरून ते इमानेइतबारे फोनमध्ये टिपून घेत होता.

डिम्फ्ना गॅफनी दुकानातल्या बटाट्यांच्या पोत्यांआड उभी राहून हे बघत होती. चीज तिचं, ज्यांच्या दुधाचं केलं त्या बकऱ्याही तिच्या. पण गिऱ्हाइकांना चव देताना चीज करणाऱ्याने टेबलाजवळ फिरकायचं नाही, असा दुकानाच्या मुख्य कचेरीचा नियम होता.

येरून मूळचा हॉलंडचा. डब्लिनच्या त्या कचेरीत चीजची खरेदी त्याच्याकडे होती. अंगाने सरळसोट, आणि बोलायलाही तितकाच. सकाळी आल्या आल्या त्याने डिम्फ्नाला समजावलं होतं, की लोकांचा कल आता किसलेल्या चीजकडे आहे, कापांच्या पाकिटांकडे आहे, मुलांच्या डब्यात टाकायच्या कांड्यांकडे आहे. असं उग्र वासाचं, सालीसकटचं चीज फ्रिजमध्ये तसंच पडून राहतं. आज लोकांनी चाखून विकत घेतलं, तर त्यांच्या सगळ्या दुकानांत त्याला जागा. नाहीतर इथली जागासुद्धा किसलेल्या मोझरेलाला. तसं झालं तर बकऱ्या विकाव्या लागणार, हे डिम्फ्नाला कुणी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात गमबूट घातलेला म्हातारा मॅलकी आला. दर शुक्रवारी तिच्या दारात येऊन चीजची अख्खी चकती घेऊन जाणारा माणूस. डिम्फ्नाच्या जिवात जीव आला. येरूनने ताटली पुढे केली आणि चीज घेणार का म्हणून विचारलं.

"नको रे बाबा, आत्ताच चहा झाला," मॅलकी म्हणाला आणि ताटलीकडे बघत तिथेच रेंगाळला.

येरूनने मान डोलावली, ताटली मागे घेतली आणि फोनवर बोट टेकवलं. मॅलकी जरा वेळ थांबला, मग बिचारा पाव आणायला निघून गेला. आजवर कुणी त्याचा नकार असा खरा मानला नव्हता.

डिम्फ्नाने नियम गुंडाळून ठेवला आणि ती पोत्यांमागून बाहेर आली.

"साहेब, त्याला परत विचारा."

"पण तो नको म्हणाला."

"म्हणणारच. पहिल्या हाकेला हो म्हणायला तो काय उपाशी आहे?"

येरून गोंधळला. त्याच्या देशात नको म्हणजे नको, आणि दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याला बहिरं समजणं. मग विचारायचं तरी किती वेळा, असं त्याने विचारलं. डिम्फ्नाला विचार करावा लागला, कारण हे कधी कुणी मोजलंच नव्हतं. पहिलं नको रीतीचं, ती म्हणाली, दुसरं आईने लावलेल्या वळणाचं. तिसऱ्यांदाही नको म्हणाला तर मात्र खरंच नको असेल, नाहीतर डॉक्टरने बंद केलं असेल.

येरून कामाचा पक्का. पावांपाशी मॅलकीला गाठून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. मॅलकीचा आधी चहा झालेला होता. मग त्याला वाटलं, दुसऱ्यांना कमी पडेल. मग "आता तुझं मन कशाला मोडू" म्हणत त्याने तीन तुकडे उचलले आणि एक चकती टोपलीत टाकली, कारण फुकटचं खाऊन तसंच निघून जाणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. तिथून पुढे ताटली भराभर रिकामी व्हायला लागली. येरून मोठ्याने मोजायचा, तेवढं जरा वाईट दिसायचं. एका लिथुआनियन ट्रकवाल्याने पहिल्याच वेळी "हो" म्हटलं, तेव्हा तर तो इतका गडबडला, की त्याने आणखी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

चर्चमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली तोवर फ्रिजमधला डिम्फ्नाचा कप्पा मोकळा झाला होता. डिम्फ्ना गल्ल्याजवळ उभी होती. येरून कोट चढवत तिच्यापाशी आला.

"बाई, आमच्या सगळ्या दुकानांत ठेवू या तुमचं चीज. चालेल?"

डिम्फ्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. या एका वाक्यासाठी तिने वर्षभर संत ब्रिजिडपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. तिने तोंड उघडलं.

"अहो, नको. कशाला तुम्हाला उगीच त्रास?"

येरूनचा चेहरा पडला. खाण्यापिण्याची रीत आता त्याला पाठ झाली होती, पण हा धंद्याचा प्रश्न होता, आणि धंद्यात असं कुणी करत असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. फार वाईट वाटलं, तो म्हणाला, पण तुमच्या निर्णयाचा मान ठेवतो. आणि तो कोटाची बटणं लावायला लागला. डिम्फ्नाने 'थांबा' म्हणावं, तर ते मागितल्यासारखं झालं असतं, आणि मागणं गॅफनींच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. बकऱ्या गेल्या तरी बेहत्तर.

गल्ल्यावरच्या फिडेल्माने कुणाची तरी अंडी फुटकी नाहीत ना हे बघता बघता, मान वर न करताच सांगितलं, "साहेब, बटणं लावू नका. ती हो म्हणाली."

येरूनने डिम्फ्नाकडे बघितलं. "हो म्हणालात?"

डिम्फ्ना कानापर्यंत लाल झाली. "छे हो. राहू द्या ना."

येरूनने कोट काढला, दुधाचा रिकामा क्रेट ओढून उलटा घातला आणि त्यावर ठाण मांडून बसला.

"हे दुसरं," तो म्हणाला.