मिठावरचा ठसा

ठसा शाबूत होता. तरीही धर्माजीनं वाकून दोनदा पाहिला आणि मगच तो प्राचार्यांना बोलवायला गेला.

उरणजवळच्या त्या नव्या कॉलेजात, रसायनाच्या प्रयोगशाळेच्या दाराशी एक फवारा होता. अंगावर ॲसिड सांडलं तर साखळी ओढायची, की गच्चीवरच्या टाकीचं पाणी धो धो अंगावर. पण दसऱ्यानंतरचा उकाडा सुरू झाला आणि पोरं गंमत म्हणून साखळी ओढू लागली. पाणी झिरपायचं ते बरोबर खालच्या ग्रंथालयात. दोनदा पुस्तकं भिजली. ग्रंथपाल शिवदासांनी दोन्ही वेळा लेखी तक्रार केली, तीही धर्माजीच्या नावानिशी. फवाऱ्यावर लक्ष ठेवणारा शिपाई तोच ना! तिसऱ्यांदा पाणी उतरलं तर नोकरी गेली म्हणून समज, असं प्राचार्यांनी त्याला बजावलं.

धर्माजी मिठागरातला. राशीतलं मीठ कुणी काढलं तर कळावं म्हणून तिच्यावर लाकडी ठसा उठवतात, हे तो लहानपणापासून बघत आलेला. त्यानं फवाऱ्याखाली मीठ पसरलं आणि बापाचा जुना ठसा त्यावर दाबला. थेंब पडला तरी कळणार. शिवाय मीठ तुडवायला इथलं कुठलं पोर धजावतंय?

तरी जिवाला घोर होताच. दुसऱ्या दिवशी तो गच्चीवर गेला आणि कॉकची मूठ फिरवून टाकीचं पाणीच बंद करून आला. ॲसिड काय रोज सांडतंय!

चार महिने ठसा मोडला नाही. प्राचार्य खूश. शिवदासांचं मात्र समाधान होईना. गळक्या छताखालची कपाटं त्यांनी रिकामी केली, बाकीच्यांवर मेणकापड घातलं, आणि पुस्तकांना ऊन द्यायला म्हणून सारखे गच्चीवर.

"या बाबाचा माझ्यावर इस्वासच न्हाय," धर्माजी घरी बायको सोनूबाईपाशी चडफडायचा.

फाल्गुनातल्या एका दुपारी चांगदेव नावाच्या विद्यार्थ्याच्या हातातली बाटली फुटली. ॲसिड गालावर, कपाळावर. पोरगं डोळे मिटून दाराकडं धावलं. धर्माजी दारातच होता. साखळीला पाणी नाही हे त्यालाच तर ठाऊक होतं, आणि गच्ची दोन जिने वर. पोराचे डोळे आपणच घालवले, एवढंच त्याच्या मनात आलं.

चांगदेवानं चाचपडत साखळी ओढली.

पाणी आलं. धो धो आलं. मीठ गेलं, ठसा गेला, आणि पोरगं त्या धारेखाली रडत उभं राहिलं.

त्याला डॉक्टरकडं पाठवून धर्माजी खाली ग्रंथालयात गेला. रिकाम्या कपाटांवर छतातून धार लागली होती. शिवदास बादल्या मांडत होते.

"साहेब, पानी मीच बंद केलं व्हतं," तो कसाबसा म्हणाला. "कसं आलं, देवाला ठावं."

"पोराचे डोळे?"

"वाचलं."

शिवदास खुर्चीत बसले. टेबलाचा खण उघडून त्यांनी टाकीच्या कॉकची मूठ बाहेर काढली आणि त्याच्यापुढं ठेवली.