ढब्बूचं मलम

“तोंड धर त्याचं, हळूच,” ती नवऱ्याला म्हणाली आणि ढब्बूच्या मांडीवरची जखम ओल्या कापसाने टिपू लागली.

नवऱ्याने कुत्र्याचं डोकं गुडघ्यांत धरलं, पण स्वतःचं तोंड फिरवून. जखम तळहाताएवढी झाली होती, लालभडक आणि चिकट. डॉक्टरांनी भोवतीचे केस भादरले होते. धुवायचं, कोरडं करायचं, मलमाचा पातळ हात फिरवायचा, आणि चाटू नये म्हणून गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं. ते घालून ढब्बू घरभर दारांना धडकत हिंडायचा.

“रविवारपर्यंत बघू,” नवरा म्हणाला. “नाही सुकली, तर मित्राच्या शेतावर सोडून येतो. बाळ रांगायला लागलंय. दुखऱ्या जनावराचा भरवसा नसतो. कुणाला दात लावला, तर रविवारचीही वाट बघणार नाही.”

“ढब्बू? अरे, तो झुरळाला बघून पलंगाखाली जातो.”

“ऐकून ठेव फक्त.”

सासूबाई दारात उभ्या होत्या. तिने आशेने त्यांच्याकडे पाहिलं. एक शब्द, एवढीच अपेक्षा. पण त्या स्वेटरच्या बाह्या खाली ओढत आत निघून गेल्या. सगळ्यांना घामाच्या धारा, आणि यांना थंडी. पंखा लावला तरी कुरकुर, ढब्बू जवळ आला तरी कुरकुर.

ढब्बू तिच्या माहेरचा. लग्नानंतर दोन बॅगा आणि हा, एवढं घेऊन ती या घरात आली होती. सासूबाईंनी चष्म्यावरून बघून विचारलं होतं, “हासुद्धा राहणार का?” ते वाक्य तिने अजून जपून ठेवलं होतं.

आणि आता तर त्यांनी बाळालाही घेणं सोडलं होतं. बाळ दोन्ही हात पुढे करायचं आणि त्या म्हणायच्या, “कंबर धरलीय गं माझी.” बाजारात मात्र कंबर बरी जायची! तिथूनही रिकामी पिशवी घेऊन परत. “काही धड नव्हतंच.” वर पुन्हा तिलाच ताकीद, “बाळाला त्याच्याजवळ एकटं सोडू नकोस.”

हे सगळं तिने गिळलं असतं. पण मलमाची ट्यूब भराभर चपटी होत होती.

ती वाटाण्याएवढंच मलम घ्यायची. तरी दुसऱ्या दिवशी ट्यूबचं पोट आणखी आत गेलेलं असायचं.

“आई, ढब्बूच्या मलमाला कुणी हात लावतं का?”

“मी काय करू त्या कुत्र्याच्या मलमाचं?” सासूबाई पलीकडे बघत म्हणाल्या.

शनिवारी संध्याकाळी जखमेच्या कडा सुकलेल्या दिसल्या. मधे रुपयाएवढा ओला डाग उरला होता. आज लावलं, उद्या सकाळी लावलं, की नवऱ्यापुढे ताठ मानेने उभं राहता आलं असतं. तिने फळीवर हात घातला.

ट्यूब नव्हती.

बाळाला कडेवर मारून तिने न्हाणीघर शोधलं, कपाट शोधलं, केराची बादलीही उपसली. ढब्बू नरसाळं घेऊन मागेमागे. बाहेरच्या खोलीत नवरा कुणाशी तरी फोनवर बोलत होता, “हो, उद्याच आणतो बहुतेक.”

ती सरळ सासूबाईंच्या खोलीत शिरली. त्या भिंतीकडे तोंड करून पलंगावर बसल्या होत्या. उशीखालून ट्यूबचं निळं टोक डोकावत होतं.

“म्हणजे तुम्हीच!” तिचा आवाज फाटला. “पहिल्या दिवसापासून तो डोळ्यांत खुपत होता तुमच्या. मग तोंडावर सांगायचं होतं की, आई! मुक्या जिवाचं औषध लपवायचं?”

“हळू बोल, बाहेर तो ऐकेल,” सासूबाईंनी घाईने दाराकडे पाहिलं.

“ऐकू दे! कळू दे त्यालाही, काय चाललंय ते.”

“दार लाव आधी.”

तिने पायानेच दार ढकललं. ढब्बू तेवढ्यात आत घुसला, पलंगाशी गेला आणि नरसाळ्यासकट डोकं सासूबाईंच्या पायांवर टेकून बसला. सासूबाईंनी डाव्या हाताने त्याच्या कानामागे खाजवलं. सवयीने खाजवावं तसं.

“चूक माझीच होती,” त्या पुटपुटल्या. “याचं नरसाळं दारात अडकलं होतं. सोडवायला गेले आणि जखमेलाच हात लागला. तुझ्या माहेरचं एवढं एकच तर आहे इथे.”

आणि त्यांनी उजव्या हाताची बाही वर केली. दंडावर सुई टोचलेल्या जागी चिकटवलेली दवाखान्याची गोल पट्टी होती, आणि खाली, मनगटाच्या वर, ढब्बूच्या दातांच्या खुणांवर ढब्बूचंच पांढरं मलम.