गळा काढणारी

मानी मुलखातल्या डोंगरी गावांत मयतावर गळा काढावा तो गारुफालियाबाईनंच. पण हल्ली पोटातून हाक उठली की तिला लघवी सुटायची.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं. "लघवीच्या नळीखाली आधाराला जाळीची पट्टी बसवली, तर दुसऱ्या दिवशी घरी. तुमच्याच पोटातल्या पडद्याची केली, तर बाहेरचं काही अंगात राहत नाही. पण पोटावर चिरा, बरं व्हायला वेळ. कुठली करू या?"

"लवकर गळा कशात काढता येईल?"

"मावशी, लोकांच्या मयतावर किती रडाल! जाळी घातली तरी सहा आठवडे जोर करायचा नाही."

"सहा?" गारुफालियानं कागदाची घडी घातली. "वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात माझी लेक आहे. तिला तुम्ही लोकांनी तीनच दिलेत."