त्वचेस सुरक्षित

"ससा पास झालाय, मॅडम!" रविराजनं तिसऱ्यांदा तेच सांगितलं आणि तपासणीचा तोच कागद पुन्हा टेबलावर आपटला.

नौशीननं डोळे मिटून घेतले. शिरवळच्या प्रयोगशाळेतून ती पहाटेच्या एसटीनं सांगलीला आली होती आणि गेला तासभर या माणसापुढं घसा कोरडा करत होती. रविराजच्या कारखान्यात मेंढ्यांच्या गोचिडांवरचं, पाण्यात कालवून मेंढ्या धुवायचं औषध बनायचं. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, 'त्वचेस सुरक्षित'. नौशीनचं म्हणणं एवढंच, की ती ओळ काढा आणि 'हातमोजे घालूनच वापरा' असं छापा. भरलेले दोनशे डबे दारात रचून ठेवले होते. आटपाडीचा टेम्पो दुपारी येणार होता.

"सशाच्या पाठीवर पट्टी लावली होती. एकदाच, तीही चार तास," ती म्हणाली. "आम्ही माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या कातडीवर तपासलं. तीनदा. तिन्ही वेळा पेशी मेल्या."

"त्या बशीतल्या कातडीच्या?"

"हो, बशीतल्या. पण माणसाच्या."

"मग ती ओरडली का, आग होतीय म्हणून?" रविराज हसला.

बी.एस्सी. झालेला माणूस आणि हे प्रश्न! तेच औषध त्याच्या हातावर ओतावं, असं नौशीनला फार वाटलं.

तेवढ्यात दारातून एक म्हातारा धनगर आत आला, मागोमाग त्याची बायको. जोतीराम आणि हरणाबाई. पहिल्या खेपेचा डबा त्यांनीच नेला होता.

"औषध लय झ्याक हाय, मालक. गोचीड नावाला ऱ्हायला न्हाई," जोतीराम म्हणाला. "पर हिचं काय तरी बघा. समदी मेंढरं हिनंच धुतली."

हरणाबाईनं पदराखालून हात बाहेर काढले. तळव्यांची सालं निघाली होती. बोटांच्या बेचक्यांत लाल मांस दिसत होतं.

रविराजनं पाहिलं आणि नजर वळवली. "साबणाचं असेल, मावशी."

"रानात कुठला आलाय साबण?" हरणाबाई म्हणाली.

नौशीननं जोतीरामला विचारलं, "मामा, आधी थोडं लावून नाही पाहिलं?"

"दरसाली बघतोय की. नवं औषध आलं का आदी माज्या दंडाला चोळायचं, दिसभर थांबायचं, मगच मेंढराला. आमच्या बाची बी हीच रीत. यंदा डब्यावर काय लिवलंय ते सुनेनं वाचून दावलं. म्हनलं, शिकल्याल्या मानसांनी तपासलंय, आपुन कशापायी?"

नौशीनचा जीव जळला. छापलेल्या एका ओळीनं त्याची आयुष्यभराची सवय मोडली होती.

"आता तरी टेम्पो थांबवा," ती रविराजला म्हणाली.

रविराजनं कपाळ चोळलं. लेबलं छापून झाली होती, डबे भरून झाले होते, आणि या बाईनं वैताग आणला होता. "असं करू, मॅडम. तुमचं नको, माझं नको. आणखी एकदा सशावर करू. या खेपेला दोन ससे घेऊ. त्यांना काही झालं, तर मी स्वतः ओळ काढतो. शब्द देतो."

हरणाबाई मघापासून आळीपाळीनं दोघांकडं बघत होती. "ससा कशाला?" तिनं विचारलं.

"औषध आधी सशाच्या अंगावर तपासतात, मावशी," रविराज म्हणाला. "त्याला सोसलं म्हणजे माणसाला सोसतं."

हरणाबाईनं दोन्ही हात त्याच्या टेबलावर, त्या कागदावर उताणे ठेवले.

"आवं, मग उद्या मेंढरं धुवायला बी त्यालाच धाडा की."