स्टुलाची जागा

"पुन्हा," मास्तरीणबाई म्हणाल्या. हा नववा टेक.

निळ्या भिंतीपुढे सिस्टर उभी होती. खरी सिस्टर नव्हे. अकरा मालिकांत तिने नर्सचं काम केलं होतं आणि अकराही ठिकाणी तिच्या तोंडी एकच वाक्य होतं: डॉक्टर येतायत. तेव्हापासून तिला कुणी नावाने हाक मारत नव्हतं. आज मात्र तिच्याकडे दोन पानांचा सीन होता. दवाखान्याच्या खिडकीशी एक आई येते, आतला कारकून तिला फॉर्मातले प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नांवरूनच तिला कळतं की पोरगा गेला. संध्याकाळी सहाच्या आत या कामासाठी ऑडिशनची टेप पाठवायची होती.

"पेशंटच्या तुम्ही कोण?" बाईंनी कारकुनाचं वाक्य दिलं. सपाट, मेलेल्या आवाजात. समोरचं वाक्य असंच द्यायचं असतं. तिथे आपला अभिनय पाजळला की कॅमेऱ्यापुढच्याचं वाटोळं.

"आई," सिस्टर म्हणाली.

बाईंना ते खरं वाटलं. नवव्यांदा.

मोबाइलच्या पडद्यावर मात्र काहीच उतरलं नव्हतं. एक कान, अर्धा गाल आणि भलतीकडेच लागलेली नजर. बस येतेय का बघत उभी असल्यासारखी.

"माझंच कुठेतरी चुकतंय ना, बाई?"

"दमलीस तू."

"दमायला काय आजच झालंय? खरं सांगा, माझ्यात काही नाहीच का? नसेल तर तसं सांगा. मी घरी बसते, सुटले."

बाईंनी नजर खाली वळवली. फरशीवर, कॅमेऱ्याच्या अगदी बगलेला, पांढऱ्या चिकटपट्टीची फुली होती. वाक्यं देणाऱ्याचं स्टूल त्या फुलीवर हवं. तिथे बसलेल्याकडे बघितलं की बघणाऱ्याचे दोन्ही डोळे पडद्यावर येतात. आज स्टूल तिथून चार हात लांब, खिडकीपाशी होतं. "कंबर धरलीय गं, इथे जरा ऊन मिळतं," असं बाई आल्याआल्याच म्हणाल्या होत्या. फुली कशासाठी ते सिस्टरने सहा महिन्यांत कधी विचारलं नव्हतं आणि बाईंनी सांगितलं नव्हतं. सगळंच सांगून टाकलं तर शिकवणी चालायची कशी?

तीच दोन पानं सकाळी बाईंच्याही मोबाइलवर आली होती. वीस वर्षांत पहिल्यांदा. बाईंच्या हाताखालून गेलेली पोरं आज मोठमोठ्या गाड्यांतून फिरत होती आणि मुलाखतींत सांगत होती की अभिनय आमच्या रक्तातच आहे. पन्नाशी उलटलेल्या बाईला या धंद्यात दोनच कामं. कुणाची तरी आई, नाहीतर कुणाचं तरी प्रेत. या आईला निदान आठ सीन होते, आणि ती मरत नव्हती.

"हीच पाठवू?" सिस्टरने विचारलं.

"पाठव."

सिस्टरने बोट दाबलं. गेली टेप. स्टँडवरचा आपला मोबाइल काढून, पर्स उचलून ती निघाली. दारात थांबून म्हणाली, "कंबरेला शेक द्या, बाई. अंगावर काढू नका."

दार लोटलं गेलं. बाईंनी स्टूल उचललं आणि फुलीवर आणून ठेवलं. त्यांना वाक्यं द्यायला कोण होतं? कारकुनाची वाक्यं त्यांनी जुन्या मोबाइलमध्ये स्वतःच्याच आवाजात भरून ठेवली होती. तो मोबाइल त्यांनी स्टुलावर उभा केला, आपला नवा मोबाइल स्टँडवर लावून कॅमेरा चालू केला आणि भिंतीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"पेशंटच्या तुम्ही कोण?" जुन्या मोबाइलने विचारलं.

"आई."

खोटं. त्यांचं त्यांनाच कळलं. कॅमेरा चालू ठेवून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. परत खोटं. तिसऱ्यांदा 'आई' म्हणाल्या आणि दार उघडलं.

"बाई, चष्मा राहिला माझा."

सिस्टर आत आली ती थेट कॅमेऱ्याच्या मागे. स्टुलावरचा मोबाइल आपला विचारतच होता, "तुमच्याबरोबर कुणी पुरुषमाणूस आहे का?" सिस्टरने पडद्याकडे बघितलं. पडद्यावर बाईंचे दोन्ही डोळे होते. भरून, स्वच्छ, आरपार. मग तिने स्टुलाखालच्या फुलीकडे बघितलं. मग खिडकीपाशी, जिथे मघाशी स्टूल होतं तिथे.

"अजून वीस मिनिटं आहेत," बाई घाईघाईने म्हणाल्या. "तू उभी राहा. मी इथे बसते, आपण दुसरी करू."

"एकदा गेलेली टेप ते बदलून घेत नाहीत. तुम्हीच शिकवलंत."

तिने जुना मोबाइल बंद करून खिडकीत ठेवला. टेबलावरचा चष्मा घेतला, ओढणीने पुसला, डोळ्यांवर चढवला. बाई वाट बघत होत्या. शिवी दे, कानाखाली मार, काहीही कर. कशानेही सुटका झाली असती.

सिस्टर स्टुलावर बसली.

"कंबर काय म्हणतेय?"

बाईंनी मान खाली घातली.

सिस्टर पुढे वाकली. इतकी, की तिचा गाल कॅमेऱ्याला टेकायचाच बाकी होता.

"खाली काय बघताय, बाई? इकडे बघा. माझ्याकडे."

आणि मग सपाट, मेलेल्या आवाजात, जसं शिकवलं होतं अगदी तसं, तिने विचारलं, "पेशंटच्या तुम्ही कोण?"

लाल ठिपका चालू होता. बाईंची मान वर होईना.